इथून कापू नको

भुसावळला मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये,
माणसाला सकाळी नऊपर्यंतच हात असतात.
त्यानंतर करवतीची मूठसुद्धा चटका देते.
म्हणून मी पाचला उठतो
आणि साडेसहापर्यंत चष्मा शोधतो.

चष्मा सापडला की पेन्सिल नसते.
ती कानावर आहे, हे पुंडलिक नेहेते सांगतो
कुंपणापलीकडून, दात घासता घासता.
“काय भाऊ, झाला का झोपाळा?”
झोपाळा. बरोबर. झोपाळाच करत होतो मी.
की तो देव्हारा होता?

लोको शेडमध्ये बत्तीस वर्षं फिटर.
भोंगा झाला की सुरू, भोंगा झाला की बंद,
आणि मधल्या वेळात इंजिन पुरं व्हायचंच,
कारण त्याला संध्याकाळी इटारसीला जायचं असायचं.
इथे कोणाला कुठे जायचं नाही.
एक पाय कमी असलेलं स्टूल
नऊ वर्षं भिंतीला टेकून उभं आहे,
न कुरकुरता.

नातीची खुर्ची मापली
तेव्हा ती माझ्या गुडघ्याएवढी होती.
आता नाशकात अकरावीला आहे.
फोनवर विचारते, आजोबा, माझी खुर्ची?
मी म्हणतो, पॉलिश तेवढं राहिलंय.

हात थरथरतो, असं नाही.
थरथरला असता तर डॉक्टर फालकांना दाखवला असता.
हात थांबतो.
खिळा धरल्यावर, हातोडी उचलल्यावर, मध्येच,
जशी गाडी आउटरला उभी राहते
आणि डब्यात कोणालाच ठाऊक नसतं, का.

आज अंजनाची फळी काढली,
यावलच्या वखारीतून आणलेली, लोखंडासारखी जड.
फुंकर मारली. धुळीखाली माझंच अक्षर,
तेव्हाचं, टोकदार:
“इथून कापू नको.”
खाली रेघ. दोनदा ओढलेली.

फळी उलटी केली. ठोकून पाहिली.
गाठ नाही, चीर नाही, वाळवी नाही.
गुण्या लावला, सगळं काटकोनात.
मग का?
त्या माणसाला काहीतरी माहीत होतं.
मला बजावून ठेवलं
आणि कारण सोबत घेऊन गेला.

तेवढ्यात प्रमिला दारात.
“तो दरवाजा द्या बरं इकडे,
बिबडे वायत घालाचे हाये.”
दरवाजा, म्हणजे मोरीसाठी केलेला,
एका अंगाला रंधा मारायचा राहिलेला.
मोरीला तोवर प्लास्टिकचा बसला.
ड्रॉवर नसलेल्या टेबलाच्या पोकळीत
गेल्या साली तिची मांजर व्यायली.
माझं अर्धवट सगळं तिने असं कामाला लावलंय,
पुरं कधी होणार, हे न विचारता.

दोघांनी मिळून दरवाजा गच्चीवर नेला,
जिन्यात चारदा टेकवत.
तिने खरबरीत बाजू वर ठेवली,
त्यावर जुनं लुगडं अंथरलं.
“इकडून सरकत नाही,” म्हणाली,
आणि पहिला बिबडा थापला, गोल,
माप न घेता.

खाली आलो तेव्हा साडेनऊ.
मूठ तापलेली.
फळीवरच्या त्या ओळीखाली मी लिहिलं,
अक्षर जरा उतरतं आलं:
“बरं.”
तारीख टाकली.
पेन्सिल कानावर ठेवली.
हे लक्षात ठेवलं पाहिजे.