ओळ एक्केचाळीस

रजिस्टर एका कोपऱ्यात ओलं झालेलं,
शाई पसरून घोणस आणि मण्यार
एकाच डागात गेलेले.
अन्नपूर्णा सिस्टरना विचारून विचारून
मी दोन्ही वेगळे केले,
रकान्यांत टाकले:
गाव, वय, वेळ, पाय की हात,
किती बाटल्या लागल्या, घरी गेला का.
तीन वर्षं. दोनशे सोळा ओळी.

कोडिंग मला येत नाही.
जिंतूरच्या ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी ऑपरेटर,
अकरा महिन्यांची ऑर्डर, मराठी टायपिंग तीस.
परभणीच्या शिबिरात एका पोरानं दाखवलं होतं:
शीट उचलायची, खिडकीत सोडायची,
अक्षांश कुठला, रेखांश कुठला
एवढं बोट लावून सांगायचं.
चाड्यावर मूठ सोडली की बी
आपल्या तासात पडतं, तसं.

सोडली.
अख्खा तालुका
उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडला.
साप चावलेली दोनशे सोळा माणसं
बर्फाच्या पाण्यात,
जिथं साप औषधालाही नाही.
एकोणीस आणि शहात्तर, मीच उलटे लावले होते.
औषधखान्यातला जुबेर हसून हसून
सलाईनच्या खोक्यावर बसला.
"मॅडम, तिथं दिवसा लाईट तरी असंल."

रकाने फिरवले. गावं परतली,
पिंपळगाव तेवढं नाशकाकडं निघून गेलेलं
आणि दोन वडगावं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली.
त्यांना हातानं उचलून आणलं.
सोमला नाईक तांडा मात्र
नकाशाला माहीतच नव्हता.
ठिकाण सापडलं नाही, लाल अक्षरात.
ओळ एक्केचाळीस.

रविवारी भावाच्या गाडीवर गेले.
फोन तळहातावर धरून
सेवालाल महाराजांच्या ओट्यापाशी उभी राहिले
निळा ठिपका थरथरायचा थांबेपर्यंत.
एक म्हातारा म्हणाला, "काय मोजायलीस, बाई?"
म्हटलं, "तुम्ही कुठं आहात ते."
"हितंच हाव की. पहिल्यापासून."

मग रंग दिले,
दिवसाला पिवळा, रात्रीला जांभळा.
खालच्या पट्टीवर बोट सरकवलं की महिने सरकतात.
आषाढात ठिपके कुठंही,
गोठ्यात, ओसरीत, सरपणापाशी.
कार्तिक उलटला
आणि जांभळे एका रेघेत यायला लागले,
सहा गावं आणि मधोमध तांडा.
तिकडून रस्ता जात नाही, ओढाही नाही.
जुबेर वाकून बघत राहिला.
त्याचं गाव त्या रेघेत होतं.
"ही आमची लाईन आहे," तो म्हणाला.
"शेताची लाईट रात्री बारानंतर येते.
गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे..."
पुढचं बोलला नाही.

सोमवारी लॅपटॉप साहेबांच्या टेबलावर नेला.
साहेब मीटिंगच्या घाईत.
"छान आहे. प्रिंट काढून आणा,
वीज कंपनीच्या पत्राला जोडू."
आमचा प्रिंटर काळा-पांढरा.
पिवळे आणि जांभळे
दोन्ही सारखेच राखाडी आले.
साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला,
सवयीनं एका ठिपक्यावर बोट टेकवलं.
पुन्हा टेकवलं.
कागद काही उघडेना.

तेव्हा शेजारी उभी राहून मी म्हणाले,
ओळ एक्केचाळीस, साहेब.
जमुना आडे. बावीस. रात्री अडीच.
डावा पाय, घोणस, वीस बाटल्या.
बॅटरी नवऱ्याच्या हातात होती, तो मोटरीकडं गेला होता,
ही अंधारात दारं धरत होती.
घरी गेली. टाच अजून भरलेली नाही.

साहेब घड्याळाकडं बघून
दाराकडं बघून
थांबले.
मग बोट पुढच्या ठिपक्यावर ठेवलं.