काकपद

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी साडेसातला
स्कार्थबीच्या ग्रामसभागृहात आम्ही खुर्च्या उलगडतो.
पंधरा मांडतो. लागतात नऊ.
डिलिस म्हणते, असू देत जास्त,
नाहीतर येणाऱ्याला वाटायचं
आपण धरलेलोच नव्हतो.

स्थानिक इतिहास मंडळ. वर्गणी वर्षाला चार पौंड,
चहा-बिस्किटं त्यातच.
इतिवृत्त मी लिहितो. तीस वर्षं टपाल वाटलं,
त्यामुळे पत्ते पाठ आहेत,
सोडून गेलेल्यांचेसुद्धा.

या हिवाळ्याचं काम : चर्चच्या आवारातले दगड.
एकूण दोनशे अकरा. त्यांतले साठेक मुके.
पीठ चोळायचं नाही, तारेच्या ब्रशने खरवडायचं नाही,
ऑब्री स्टॅनिफर्थची सक्त ताकीद :
दगडफुलाला नाण्याएवढं व्हायला पन्नास वर्षं लागतात,
तुम्हाला दहा मिनिटांत नाव हवं कशाला?

म्हणून अंधार पडला की निघायचं.
गुडघ्यांखाली बागकामाची गादी,
थर्मास कुणाच्या तरी थडग्यावर (माफी मागून),
आणि टॉर्च समोरून मारायचा नाही;
कडेने धरायचा, दगडाच्या गालाला गाल लावल्यासारखा.
समोरून सगळं सपाट दिसतं.
तिरपा उजेड गेला की खाचांत सावली साचते.
वाचायची ती सावली.

त्या रात्री कुंपणालगतच्या दगडावर,
जिथे गावातली कुत्री पाय वर करतात,
आधी एक आकडा आला. मग 'पत्नी'.
मग हेस्टर म्हणाली, थांबा. जरा खाली घ्या.
'लाडकी' कोरताना कारागिराच्या हातून
मधलं एक अक्षर सुटलं होतं.
वर, दोन ओळींच्या फटीत, जवाएवढं
ते नंतर बसवलेलं,
आणि खाली काकपद.

डिलिस फस्सकन हसली, मग तोंडावर हात.
नवऱ्याने पैसे कापले असतील?
की त्याला वाचताच येत नव्हतं?
दुसरा दगड आणायचा तर गाडीभाडं कुणी द्यायचं,
बोटीने नदीपार, मग चिखलातून चार मैल.

ऑब्री काहीच बोलला नाही.
हातमोजा काढला, बोट फिरवलं.
बाईचं नाव पार गेलेलं,
नवऱ्याचं गेलेलं, गावाचं अर्धं;
एवढं एक अक्षर तेवढं खोल.
घाबरून जरा जोरातच मारला असणार घाव.

नोंदवहीत कसं लिहायचं यावर चाळीस मिनिटं गेली.
हेस्टर एकतीस वर्षं शाळेत शिकवत होती,
तिच्या मते शुद्ध करून.
ऑब्री म्हणाला, जसं आहे तसं.
मतदान झालं : पाच विरुद्ध तीन,
एकजण तेव्हा बाथरूममध्ये होता.
काकपदासह, असा ठराव.

फेब्रुवारीत ऑब्री गेला.
दगड अजून बसलेला नाही,
माती दबायला वर्ष लागतं म्हणतात.
सध्या लाकडी खुंटी, वर पालिकेचा आकडा.
त्याची मुलगी विचारत होती, काळा ग्रॅनाइट कसा वाटतो?
अक्षरं हल्ली मशीनच कोरतं,
चूक व्हायची भीती नाही.
छान, म्हणालो आम्ही. छानच.

मार्चच्या बैठकीला हीटर बंद पडला होता.
कोट घालूनच बसलो. विषय : जुनी दूधगाडी.
शेवटी वही सगळ्यांकडे फिरली,
आणि हेस्टरपाशी थांबली.
हजर सभासदांत चौथ्या क्रमांकावर
सवयीने मी लिहून गेलो होतो :
ऑब्री स्टॅनिफर्थ.

लाल पेन तिच्या पर्समध्ये असतंच.
तिने ते काढलं, टोपण दातांत धरलं,
बराच वेळ.
मग नावाखाली एक काकपद काढलं
आणि वर काहीच लिहिलं नाही.