पोच

पिशवीत एक कागद आहे. कुणाच्या नावाचा,
ते तरीवर सगळ्यांना माझ्याआधी ठाऊक.
तिकीट फाडणारा इस्माईल परकार म्हणतो,
"बेलीफसाहेब, आत्ता पैसे नकोत,
परत येताना बघू."
म्हणजे काय, ते मी विचारत नाही.

इंजिन सुरू झालं तसा वादही.
"एक्याऐंशीचा माणूस. आठवड्याला दोनदा डायलिसिस.
आता कसली केस उकरतात?"
"बंधारा बांधला तेव्हा एकसष्टचा होता."
"मग तेव्हा का नाही उकरली?"
"तेव्हा मंत्री होता."
"तेच म्हणतोय मी."
"मीपण तेच म्हणतोय."
भाटकर मास्तर छत्रीच्या टोकाने पत्र्यावर ठोकतात:
"त्याच्या शेजारी सह्या केलेले दोघे
निवडणुकीआधी पलीकडे गेले.
त्यांच्या फायली कुठल्या कपाटात?
जाळ्यात एकच मासा लागला
की आधी जाळ्याची भोकं बघावीत."
मोटारसायकलवर बसलेला एक पोरगा, मान वर न करता:
"बघा की. पण म्हणून लागलेला सोडायचा?"

मला मत नाही. असलं तरी
या पिशवीत त्याला कप्पा नाही.
पण आमच्या वाडीत नळ आणला तो गजाभाऊंनी.
पहिल्या दिवशी आई धारेखाली हात धरून
उभीच राहिली, हंडा लावायचं विसरून.
आणि काळबंदरच्या बंधाऱ्यात
खाडीची खारी रेती कालवली, तीही त्यांच्याच काळात.
लोखंड आतल्या आत फुगत गेलं,
एका रात्री तोंडाकडचा भाग खचला
आणि नांगरलेल्या होड्यांवर
समुद्र सरळ चालून आला.
तिघं गेले. एक द्वारकाबाईचा नारायण.
ते पाणी आणि हे पाणी
दोन पारड्यांत घालून बघतो मी.
तागडीच ओली होते नुसती.

गजाभाऊ पंख्याखाली, बनियनवर.
मनगटाला कापूस चिकटवलेला.
"तू गोदीचा ना रे? नळ चालतो का अजून?"
"एक दिवसाआड."
हसले. समन्स लांब धरून वाचलं.
"सूड आहे हा. कळतंय ना तुला?"
असेल. कळतंयही थोडं.
"सूड असला तरी सही इथेच करायची, भाऊ."
त्यांनी पेन मागितलं.
जन्मभर सह्या केल्या, पण बनियनला खिसा नसतो.
सही तीच, आईच्या पेन्शनच्या पत्रावरची,
'ग'चं पोट सुटलेलं;
फक्त शेवटची रेघ
कागद संपला तरी टेबलावर थोडी गेली.
सुनेने कोकम सरबत आणलं.
मी प्यायलो. ऊन होतं.

परतताना ओहोटी.
बंधाऱ्याच्या सळ्या बाहेर, त्यांना कालवं धरलेली.
द्वारकाबाई सोड्यांची टोपली घेऊन बसलेली.
"घेतलंन?"
"घेतलं."
"तारीख?"
"चौदा."
"वकील असंल त्याला?"
"दोन असतील."
"बसायला खुर्ची?"
"वय बघून देतात. पाणीसुद्धा."
ती टोपलीवरचं फडकं सारखं करते.
"बरं झालं. त्याला बोलायला तरी मिळंल.
आमच्या नाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं,
बाबा, तुझं म्हणणं काय."

मास्तरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.
मोटारसायकलवाला या फेरीला नव्हता.
परकार आला, समोर उभा राहिला.
मी नोट पुढे केली.
त्याने जाण्याचे आणि येण्याचे, दोन्हीचे पैसे कापले,
सुटे नाणं नाणं मोजून दिले
आणि तिकीट फाडताना
तो कुणाच्या बाजूचा,
ते काही कळू दिलंन नाही.