चौथा रकाना

वाळपईच्या स्टँडवर उतरलो तेव्हा सात जणी होतो,
सातही जणींच्या खांद्याला तीच निळी पिशवी,
आत चित्रांचा उलटता तक्ता, तेलाच्या बाटल्या
आणि प्रत्येकीला चाळीस प्रश्नावल्या.

विषय : माकडताप. वाहक : गोचीड.
"लोक तेल लावत नाहीत," मिरांडा मॅडम वर्गात म्हणाल्या होत्या,
"का लावत नाहीत, ते शोधून आणा."
आणि कारणांसाठी तीन रकाने आखून दिले होते :
माहिती नाही. इच्छा नाही. वेळ नाही.
याच्यापलीकडे माणूस नकार तरी कशाला देईल?

माझ्या वाट्याला आली द्वारकी गावस.
काजूच्या उतारावर कमरेत वाकलेली,
हातात टोकाला खिळा ठोकलेली काठी.
मी तक्ता उघडला. पान पहिलं : रान.
पान दुसरं : मेलेलं माकड.
ती थांबली नाही. मी मागून चालत
तिसरं आणि चौथं पान तिच्या पाठीला दाखवलं.
पाचव्यावर लिहिलं होतं : पालापाचोळ्यात बसू नका.
ती पालापाचोळ्यातच बसली, बोंडूंच्या बिया पिळून काढायला,
म्हणाली, "बस गो बाय."
मी बसले.

तेल माहीत आहे? आहे.
मिळतं? मिळतं, दोन बाटल्या कोनाड्यात आहेत.
तापाची भीती वाटते?
तिने काठीने व्हाळापलीकडचं घर दाखवलं.
भर दुपारी दाराला कडी होती.
एवढंच.

माझं पेन तिन्ही रकान्यांवरून फिरून आलं,
बसायला जागा मिळेना त्याला.

मग तिने एक बोंडू माझ्या नाकाशी धरला.
"तेलाचा हात ह्याला लागला की वास रसाला,
रसाचा वास हुर्राकाला.
मागच्या साली भाटीवाल्याने आमचा अख्खा डबा
मातीत ओतला, पैसेही कापले.
आता तू सांग."

खाली भाटीचा धूर सरळ वर चालला होता.
मी काहीच सांगितलं नाही.

पेजेच्या वेळी आणखी तिघी आल्या.
त्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं,
मध्येच सगुणी, सगळ्यांत धाकटी, म्हणाली,
"तेल डाव्या हाताने लावूया, गुडघ्यापर्यंत.
डावा काठीला. उजवा बोंडूला."
"आणि डाव्या कुशीला खाज सुटली तर?"
"तर दुसरीने खाजवायचं!"
लोणच्याची फोड हातात धरून द्वारकी
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

लोकसहभाग म्हणजे काय, पाच गुण,
व्याख्या मला पाठ आहे.
तिच्यात खाज नव्हती.

रात्री बांबोळीच्या हॉस्टेलवर मोजे काढले
आणि घोट्याच्या वर, शिवणीच्या रेघेखाली, ती होती.
तिळाएवढी. चित्रातल्यासारखी मुळीच नाही.
चिमट्याने काढली, सरळ वर ओढून, शिकवलं होतं तशी.
निळ्या पिशवीत माझी बाटली भरलेलीच होती,
झाकणावरचं सील शाबूत.

एक प्रश्नावली उरली होती. भरायला घेतली.
वय : वीस. शिक्षण : सामुदायिक आरोग्य, दुसरं वर्ष.
माहिती : आहे.
इच्छा : होती.
वेळ : बसची वाट पाहत पाऊण तास नुसती उभी होते.
मग पट्टी घेऊन मी चौथी उभी रेघ मारली
आणि बारीक अक्षरात लिहिलं :
परतीच्या कदंबात शेजारी कोण बसेल, आणि त्याला वास येईल, म्हणून.

मॅडमना अजून दिलेली नाही.
आठ दिवस मोजायचे आहेत, आज तिसरा.
वर्गात फळ्यावर 'वर्तनबदलाचे टप्पे' चालू आहेत, खडू कुरकुरतो आहे,
तिकडे उतारावर बोंडू पडतच असतील,
आणि मी बाकाखाली वही धरून, कुणी बघत नाहीसं पाहून,
कपाळाला हात लावते.
डावा.