सुळे

मोरकॅमला, समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या गल्लीत
आमची लॅब. खाली मासे तळतात, वर आम्ही दात घडवतो.
मिरजेत शिकले, इथे येऊन पुन्हा पहिल्यापासून शिकले.
तेवीस वर्षं. अर्ध्या गावाच्या कवळ्या या हातांतल्या.
हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात;
इथे दिसतात ते बहुतेक माझे.

मार्चमध्ये चिठ्ठी आली:
डेस्मंड थर्कल, वय सत्त्याऐंशी, वरची आणि खालची, पूर्ण.
खाली डॉक्टरांनी दोन रेघा ओढून लिहिलेलं,
सुळे दोन मिलिमीटर लांब मागतोय. समजूत घालावी.

मेणाची कवळी डब्यात घेऊन वृद्धाश्रमात गेले. दार वाजवलं.
"आत या," आवाज बोळक्या तोंडाचा, तरी भारदस्त,
"हे वाक्य दुसऱ्यांनी म्हणावं म्हणून
जन्मभर धुक्यात उभा राहिलोय मी."

नऊ सिनेमे, म्हणाला. नऊच्या नऊ वेळा मेलो.
कधी छातीत खुंटी, कधी पहाटेचं ऊन,
म्हणजे दिवा, भुवया जळाल्या;
एकदा पैसे संपले म्हणून
नुसताच दाराआड जाऊन किंचाळलो.
रक्त म्हणजे साखरेचा पाक, त्यात लाल रंग.
नायिकेच्या मानेवर गांधीलमाशी बसली
तेव्हा ती पहिल्यांदा खरी ओरडली.
"तेव्हा रक्त साखरेचं होतं. आता साखर रक्तात आहे."
टेबलावर सुई, पट्ट्या, रुमालात लपवलेलं अर्धं बिस्किट.
मी न पाहिल्यासारखं केलं.

मेण बसवलं. चावा म्हटलं.
तो हवेला चावला, सवयीनं मान जराशी कलती करून.
मग मी हातात आरसा दिला.
त्यानं तो सरळ धरला नाही.

"आरशात मी दिसू नये म्हणून
एक पोरगा आरसा तिरका धरून बसायचा,
खुर्चीमागे, घडी घातल्यासारखा.
रॉय. रॉय पिकर्सगिल. श्वासही मोजून घ्यायचा.
कॅमेऱ्याला मी दिसायचो नाही.
मला मात्र त्या काचेत तो दिसायचा,
जीभ दातांत धरलेला.
तिसऱ्या सिनेमापासून मी संवाद मुद्दाम चुकायला लागलो."

पुढे काय, मी विचारलं नाही.
कपाटावर फोटो नव्हता. तसले फोटो त्या काळी कोण काढणार,
आणि काढलाच तर ठेवणार कुठे.
भिंतीवर एक आरसा होता, एकाच खिळ्यावर, वाकडा.
नर्स रोज सरळ करते, तो म्हणाला.

शुक्रवारी रात्री साडेअकराला कुठल्याशा चॅनेलवर
त्याचा चौथा सिनेमा लागला. आश्रमातला टीव्ही नऊला बंद होतो.
मी वाटीत चिवडा घेऊन बसले.
पुठ्ठ्याचा किल्ला. वटवाघूळ, दोरीसकट.
घरात एकटीच होते, मोठ्यानं हसून घेतलं.
मग दिवाणखाना. तो आत येतो, काळा झगा, उंच, तरणाबांड;
आरशात रिकामी खुर्ची, मेणबत्ती, पडदा,
आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, निमिषभर,
एक अंगठा.
नख पांढरं पडलेलं, इतका घट्ट.

चिवडा तसाच राहिला.

सोमवारी सुळे घडवले. दोन मिलिमीटर.
डावा किंचित जास्तच; खऱ्या माणसाचे दोन्ही सारखे नसतात.
चिठ्ठीवर 'फरकाचे कारण' असा एक रकाना असतो.
त्यात लिहिलं:
रुग्णाचे मूळचे दात असेच होते.