शून्य पूर्णांक चार

अत-बाशीच्या दवाखान्यात चिठ्ठ्या टाकून
चाळीस घरं काढली होती आम्ही.
तेविसाव्या चिठ्ठीत निघाला सगिनबेक,
घोड्यांना नाल ठोकणारा.
बूट दाराबाहेर काढून आला, तरी
खोलीभर जळक्या खुराचा वास.

बाही वर कर, म्हटलं. केली.
मनगटापासून कोपरापर्यंत
खिळ्यांनी, दातांनी, काटेरी तारांनी
आपापल्या हस्ताक्षरात लिहून ठेवलेलं.
मी शीर चाचपत होते.
"कशाला हे, एजे?"

धनुर्वातासाठी.
जबडा मिटतो तो मिटतोच,
आणि धडधाकट माणसाची कमान होते.
मातीतून येतो, लिदीतून येतो,
म्हणजे तुझ्या रोजीरोटीतूनच.
तयारी आहे का रक्तात, एवढंच बघायचंय.
लहानपणी लशी दिल्या होत्या का?

तो हसला. हसताना डावा कान पुढे करतो,
उजव्यावर शिंगराची लाथ बसलीय.
"मी अनाथाश्रमातला.
पहिलं आठवतं ते सहाव्या वर्षाचं:
लोखंडी खाट, मोजे वाळवायची दोरी.
सुई नाही आठवत. मला कोण टोचणार?"
आणि रजिस्टर?
"एका हिवाळ्यात कोळसा आलाच नाही.
'अ'पासून सुरुवात केली होती बायकांनी जाळायला.
'स' आला तेव्हा वसंत लागला असता,
पण त्या वर्षी तो उशिरा आला."

नळीवर तेवीस लिहिलं.
यंत्रात गरगर फिरवलं की
रक्त दुभंगतं: खाली लाल गाळ,
वर पिवळसर निवळ,
पहिल्या वाफेच्या चहासारखी.
ती निवळ थेंबाथेंबाने खळग्यांत सोडायची
आणि रंग चढायची वाट बघायची.
काही खळगे कोरेच राहतात.
त्या दिवशी सात राहिले,
त्यांत आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा एक.

तेविसावा पिवळा झाला. चांगला पिवळा.

शून्य पूर्णांक चार, मी त्याला सांगितलं.
शून्य पूर्णांक एक असलं तरी पुरतं.
"चांगल्या हाडाचा आहे मग मी," तो म्हणाला.
हाडाचा संबंध नाही, सगिनबेक.
हे अंगचं नसतं.
लाथा खाऊन येत नाही, थंडीत राबून येत नाही.
तो आजार होऊन जो वाचला
त्यालासुद्धा मिळत नाही.
हे कुणीतरी टोचावं लागतं.

बराच वेळ तो टोपी फिरवत बसला.
"कुणीतरी."
हो.
"एकदा?"
तीनदा तरी.
"तान्हा असताना?"
असशील.
"म्हणजे रडलो असणार."
सगळेच रडतात.
"मग कुणीतरी उचलून घेतलं असणार."

त्याची तपासणी माझ्याकडे नाही.

सांगता आलं असतं मला,
की तेव्हा वर्षाचा आकडा ठरलेला असायचा,
की जाड अंगरख्यातली एखादी परिचारिका
घोडागाडीतून उतरून
ओळीने वीस दंड उरकून
अंधार पडायच्या आत परतली असेल,
आणि तुझं नाव तिला
तेव्हाही वाचता आलं नसेल नीट.
माझी आईच होती तशी परिचारिका, पलीकडच्या खोऱ्यात.
घरी आल्यावर तिला बोलायला नको असायचं,
गरम पाण्यात पाय सोडून बसायची.

नाही सांगितलं.
रक्ताचं नातं म्हणतात ते हे नव्हे,
पण रक्तात आहे, हे खरं.

बाही खाली करून तो उठला.
दारात थांबून विचारलं त्याने,
उरलेलं काय करता?
शीतपेटीत ठेवतो, उणे वीस अंशांवर.
"ठेवा," म्हणाला. जणू मी फेकणार होते.

संध्याकाळी वीज गेली.
इथे जाते ती सकाळपर्यंत जाते.
घरून लोकरीचा जाड नमदा आणला,
पेटीवर पांघरला,
कडा खाली खोचल्या
आणि मेणबत्तीच्या उजेडात
सात कोऱ्यांची यादी करत बसले,
उद्या ज्यांना टोचायचं त्यांची.
मुख्याध्यापिका सुईला घाबरतात,
त्यांना सगळ्यांत शेवटी.