काणाडोळा

भिंतीवर मी जुनी वर्तमानपत्रं चिकटवलीत,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पासष्ट इंच.
त्याच्या आत निळ्या पेन्सिलीने पंचावन्नचा आयत.
दांगुओले खुर्चीतून विचारते, बातमी काय?
गेल्या मंगळवारचीच, मी म्हणतो. बंदरात धुकं.

एकतीस वर्षं क्लाइपेदाच्या बंदरात क्रेनवर काढली.
चाळीस मीटर उंचीवरून कंटेनर
नुसत्या अंदाजाने ठेवायचो, बोटभर चूक नाही.
आता आठवडाभर तिची खुर्ची ते भिंत मोजतोय.
दोन मीटर सत्तर.
टेप उलटी धरली तरी दोन मीटर सत्तर.

तिच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय.
कडा शाबूत राहतील, डॉक्टरीण म्हणाली.
म्हणून माझा चेहरा पाहायचा तर ती
माझ्या कानापलीकडे बघते, खिडकीत.
सुरुवातीला मी मागे वळायचो,
कोण आलं म्हणून.
चाळीस वर्षं माझ्या चुकांकडे तिने काणाडोळा केला,
आता सगळं जगच ती
काणाडोळ्याने बघते.

दुकानात चौतीस पडदे, चौतीसांवर एकच पोपट,
एकाच वेळी मान वळवणारा.
मग मध. मग कुठला तरी समुद्र,
इतका निळा की आमच्या बाल्टिकने तोंड लपवावं.
रोकास नावाचा पोरगा, कानात बाळी, उत्साही.
त्र्याऐंशी लाख ठिपके, म्हणाला.
यातला काळा म्हणजे अगदी खराखुरा काळा.
दांगुओले म्हणाली, काळा माझ्याकडे घरचा आहे.
पोराला हसावं की नाही कळेना.

तिने एकच विचारलं:
फ्री थ्रो टाकणाऱ्याचा गुडघा दिसेल का?
मासळी कारखान्याच्या संघातून ती खेळायची, सात नंबर.
चेंडू हातातून सुटायच्या आधी सांगायची,
जाणार.
किंवा, वाया.
सगळं गुडघ्यात असतं म्हणे, हात नुसते निरोप देतात.

मग ती पडद्यासमोर उभी राहिली
आणि शेजारच्या वॉशिंग मशीनकडे बघू लागली.
रोकासला वाटलं, गिऱ्हाईक गेलं हातचं.
घाईघाईने सूट सांगू लागला, हप्ते, भिंतीची पट्टी फुकट.
थांब रे, ती म्हणाली. आणि मला:
तू तिकडे जा. बाजूला.
हीटरजवळ तुझी खुर्ची असते तेवढ्या लांब.

गेलो. पोपट राखेचा झाला.
हिरवा आहे का? तिने विचारलं.
नाही.
पुढचा. आता?
आजारी हिरवा.
पुढचा.
अशी आम्ही सगळी रांग पालथी घातली,
ती वॉशिंग मशीन, फ्रिज, ओव्हन यांच्याकडे बघत,
मी तिरका, मान वाकडी करून,
लहानपणी सर्कशीच्या तंबूबाहेर उभा असायचो तसा.
बाजूने कोण बघतं, आजी? पोरगा शेवटी म्हणाला.
हा, ती म्हणाली. मधली खुर्ची मला लागते ना.

आठवडाभर मी टेप घेऊन फिरलो,
आणि माझ्या खुर्चीत बसून एकदाही
त्या वर्तमानपत्रांकडे पाहिलं नव्हतं.

शेवटून तिसरा. साठ इंच,
माझ्या दोन्ही आयतांत न बसणारा.
बाजूनेही पोपट हिरवागार, जरा उर्मटच.
किंमत मी घरी आल्यावर
दोनदा वाचली, मग पावती बिलांखाली सरकवली.

गुरुवारी येईल, दोन ते सहाच्या मध्ये.
काचसामानाचं कपाट त्याआधी हलवायचंय,
तिच्या आईचे क्रिस्टलचे ग्लास, एकही न वापरलेला.
आज सामना आहे. जुना टीव्ही आधीच
तळघरात नेऊन ठेवला, माझाच उतावळेपणा.
रेडिओ लावलाय. बाहेर चारलाच अंधार.
निवेदक म्हणतो, दोन फ्री थ्रो, बारा सेकंद बाकी,
आणि मग गप्प होतो, सगळं मैदान गप्प होतं.
ती वर्तमानपत्रांशेजारच्या
घड्याळाकडे बघते.

वाया, म्हणते.